दोघींचा राजीनामा

पुण्याहून फोन आला तेव्हा मी कोपरापर्यंत कणकेत बुडाले होते.

"ताई, तुमची कथा दिवाळी अंकाला घेतोय," संपादकबाई म्हणाल्या.

चौदा वर्षं मी त्या अंकाला कथा पाठवत होते. परत आलेल्या कथा एकावर एक रचल्या असत्या, तर भोपाळच्या अवधपुरीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर जिन्याशिवाय चढता आलं असतं. मी अशी ओरडले की खालच्या भाभीजी चोर पकडायला लाटणं घेऊन वर आल्या.

"एकच शंका आहे," बाई म्हणाल्या. "शेवटचं वाक्य. 'त्या दुपारी दोघींचा राजीनामा झाला.' या दोघी नोकरीला कुठे होत्या?"

"कुठेच नाही. घरीच."

"मग राजीनामा कशाचा?"

मी कणीक बाजूला सारली आणि बाईंना समजावलं. तुमच्याकडे राजीनामा माणूस साहेबाच्या टेबलावर ठेवतो आणि घरी जातो. आमच्या भोपाळात कोर्टाच्या पायरीपासून पानाच्या टपरीपर्यंत कुठेही दोन भांडणारे मिटले, की त्यांचा राजीनामा होतो. कथेतल्या दोघी शेजारणी पेरूच्या झाडावरून अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत आणि शेवटी बोलतात. दुसरं काय होणार त्यांचं?

"म्हणजे समेट," बाई म्हणाल्या. "मग समेट लिहू या. तो हिंदी अर्थ आहे, ताई. वाचक अडखळेल."

"अडखळू दे. अकरा वर्षांचं भांडण मिटतंय, वाचकाने निदान ठेच तरी खावी."

"उद्या संध्याकाळपर्यंत कळवा. अंक छपाईला जातोय. नाहीतर या वर्षी राहू दे."

राहू दे! तोवर आमच्या ह्यांनी कारखान्यात सगळ्या शॉपमध्ये, म्हणजे खात्याखात्यांत, बातमी पोचवली होती. मी दूधवाल्याला सांगितलं होतं, म्हणजे पिपलानीपर्यंत कुणी उरलं नव्हतं.

"अगं, एका शब्दाचा प्रश्न आहे," हे म्हणाले. "चौदा वर्षांनी दार उघडलंय आणि तू उंबरठ्यावर भांडतेस?"

"बाकी सगळी कथा घ्या म्हणावं. हवं तर माझं नाव काढा. तो शब्द नाही."

"असं काय आहे त्या शब्दात?"

बाबा आहेत, असं मी म्हणाले नाही. पोळ्या लाटायला घेतल्या.

बाबा नागपूरहून इथल्या कारखान्यात आले आणि सोनागिरीत स्थायिक झाले. घरात त्यांचा कायदा होता, मराठीत हिंदी शब्द घुसला की दाराकडे तोंड करून उभं राहायचं आणि बरोबर शब्द पंचवीस वेळा म्हणायचा. मी 'भिंडी' म्हणायचे, मग पंचवीस वेळा 'भेंडी'. त्या दाराशी माझ्या पावलांचे खड्डे पडलेत. अंगणातल्या चिमण्यासुद्धा पुढे पुढे 'भेंडी, भेंडी' करायला लागल्या होत्या.

आणि आई शेजारच्या काकूंशी अकरा वर्षं बोलत नव्हती. आमच्या झाडाची एक फांदी भिंतीपलीकडे गेली होती आणि काकूंनी ती तोडली होती, एवढंच. मग एका दुपारी काकूंच्या लेकीला बघायला पाहुणे यायचे होते आणि ऐनवेळी काकूंचा गॅस संपला. भिंतीवर डाळीचं पातेलं येऊन बसलं. वर काकूंचे दोन हात, तोंड दुसरीकडे. आईने पातेलं घेतलं, डाळ शिजवली, हिंगाची फोडणी दिली, आणि झाकणावर आमच्या झाडाची दोन फळं ठेवून पातेलं परत भिंतीवर ठेवलं.

"मीठ बघून घ्या," आई म्हणाली. अकरा वर्षांनी पहिलं वाक्य.

बाबा खिडकीत होते. ते धावत आम्हा मुलांकडे आले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "झाला! राजीनामा झाला!"

आम्ही भावंडं चाट पडलो. घरात पहिल्यांदा बाबांच्या तोंडून हिंदी निसटलं होतं. मी दाराकडे बोट दाखवलं. बाबांनी दाराकडे पाहिलं, भिंतीवरून बोलणाऱ्या आईकडे पाहिलं, आणि म्हणाले, "हा राहू दे. याला आपल्यात शब्द नाही."

आता पुण्यातून कुणी म्हणणार, आहे, समेट आहे. बाबांना तो माहीत नव्हता होय?

दुसऱ्या दिवशी मी फोन लावला. "बाई, शब्द फोडून बघा, आत 'राजी' निघतो. तुमच्याकडे नोकरी सोडताना किती जण राजी असतात? चुकीचा अर्थ तुम्ही वापरताय, आम्ही नाही. राजीनामा राहील, नाहीतर कथा परत पाठवा. परत आलेल्या कथा ठेवायला माझ्याकडे जागा आहे."

पलीकडे बाई हसल्या. "राहू दे तुमचा राजीनामा. भांडखोर आहात."

दिवाळीच्या तोंडावर अंक आला. मी उभ्याउभ्याच शेवटचं पान उघडलं. बाईंनी शब्द पाळला होता. पण मुद्रितशोधकाला कुणी सांगितलं नव्हतं. त्या सज्जनाने व्याकरण सुधारलं होतं:

'त्या दुपारी दोघींनी राजीनामा दिला.'

घरी बसलेल्या दोन बायकांनी!

"जाऊ दे गं, छापलं तर आहे," हे म्हणाले. मी लाल पेन घेतलं, स्कूटर काढली. भोपाळात त्या अंकाच्या जेवढ्या प्रती मराठी घरांत पोचल्या होत्या, त्या सगळ्या गाठायच्या ठरवल्या. लोक फराळाचं ताट पुढे करत, मी आधी अंक मागत असे. पाच दिवसांत चकल्या एवढ्या झाल्या की स्कूटरला चढ चढवेना. एका साहेबांनी अंक द्यायला नकार दिला, तर मी त्यांच्या दिवाणखान्यात ठाण मांडून बसले. शेवटी त्यांच्या बायकोनेच तो उशीखालून काढून दिला.

शेवटची प्रत सोनागिरीत, काकूंकडे. काकू आता ऐंशीच्या पुढे. भिंग लावून कथा वाचून बसल्या होत्या.

"ये. 'राजीनामा दिला' म्हणे! पण बरोबरच आहे की गं. भांडण ही नोकरीच होती आमची."

"नाही चालणार, काकू. बाबा काय म्हणाले होते?"

"राजीनामा झाला," काकू लगेच म्हणाल्या. "सगळ्या गल्लीने ऐकलं."

मी 'दिला' खोडलं, 'दोघींनी'चं 'दोघींचा' केलं, 'झाला' लिहिलं. काकूंनी भिंगातून नीट तपासलं. मग बोट वरच्या ओळीवर नेलं.

"आता हेही खोड. पेरूचं झाड कुठलं? लिंबाचं होतं. डाळीच्या पातेल्यावर कुणी पेरू ठेवतं का?"

"ते नाही खोडणार."

"का?"

"लिंबावरून अकरा वर्षं भांडलात, हे कुणाला खरं वाटणार नाही."

काकूंनी अंक माझ्या हातातून ओढून घेतला आणि मांडीखाली घातला.

"मग आपला राजीनामा नाही," त्या म्हणाल्या. "चकली खाऊन जा."