हंगामाचे टायर

कोल्हापुरात कळंब्याच्या रस्त्यावर मीरासाब जमादारांचं टायरचं दुकान होतं, आणि दुकानापेक्षा मीरासाब मोठे होते. तरुणपणी तालमीत घुमलेलं अंग. आता पोट सुटलं होतं, पण मान अजून कमावलेलीच. आवाज असा की समोरच्या पंपावर पेट्रोल भरणाऱ्याला वाटावं, आपल्यालाच झापतायत. प्रत्येक बोलण्याची सुरुवात 'ऐका'नं आणि शेवट 'का न्हाय?'नं. मधे जे काही असेल ते टायरबद्दल.

त्यांची एक रीत होती. नुसती गाडी बघून ते टायर देत नसत. गिऱ्हाइकाच्या शेजारी जाऊन बसायचे आणि गाडी रोज ज्या रस्त्यानं जाते त्याच रस्त्यानं न्यायला लावायचे. डोळे मिटलेले, दोन्ही तळहात मांड्यांवर पालथे. परत आलं की टायर सांगायचे.

"ऐका पावणं. टायर डोळ्यानं घेत न्हाईत, बुडानं घेत्यात. का न्हाय?"

गडहिंग्लजकडच्या जीपा, डॉक्टरांची फियाट, उसाचे ट्रॅक्टर, सगळ्यांत ते असे बसून आले होते. त्यांचा शब्द कधी खाली पडला नव्हता. याचा त्यांना अभिमान होता आणि तो ते झाकून ठेवत नसत.

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात बाळासो सुतार आपली गाडी घेऊन आला. उद्यमनगरात त्याचं लेथचं वर्कशॉप. दोन वर्षं खपून त्यानं पायपांची चौकट जोडली, तिच्यावर फायबरचं लाल अंग चढवलं आणि मारुतीचं आठशेचं इंजिन मागं बसवलं. सीट दोन. छप्पर नाही, दार नाही, डिकी तर नाहीच. जानेवारीत शिरोळकडच्या एका नव्या वळणरस्त्यावर मोटार क्लबची घड्याळ लावून शर्यत होती. तीत बाळासोला उतरायचं होतं.

"वस्ताद, परदेशात थंडी आली की टायर बदलत्यात म्हणं. बर्फासाठी येगळं टायर. आपून कुठलं घालायचं?"

"ऐका. आपल्यात बर्फ कुठला? आपला बर्फ म्हंजे ऊस. का न्हाय?"

यात थट्टा नव्हती. हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर रानातला चिखल डांबरावर येतो. ट्रॉलीतनं पडलेला ऊस त्यात चिरडतो, वर पाला, पाल्यावर पहाटेचं दव. सकाळी त्या रस्त्यावर म्हैससुद्धा विचार करून पाय टाकते.

मीरासाब गाडीत शिरले. शिरले म्हणजे आधी एक मांडी, मग पोट, मग उरलेले मीरासाब. बाळासोला गिअर टाकायला जागा राहिली नाही. चिखलाच्या रस्त्यानं फेरी झाली. आधी मधल्या मापाचे टायर, मग दुकानातले सगळ्यांत रुंद. दोन्ही वेळा गाडी रस्त्याला चिकटून राहिली, आणि रुंद टायरांवर तर पाळण्यात बसल्यासारखी.

"रुंद," मीरासाब म्हणाले.

दुकानासमोरच्या चौकालाही पटलं. शेजारचा चहावाला जोतीराम किटली हातात घेऊनच बघायला आला. "आता कसं, पैलवान मांडी ठोकून हुबा राह्यल्यागत दिसतंय."

पुढच्या रविवारी बाळासो एकटाच शिरोळच्या रस्त्यावर सरावाला गेला. पहिल्याच वळणावर गाडीनं स्वतःभोवती गिरकी घेतली आणि उलट्या तोंडानं उसात शिरली. बाळासोला खरचटलंही नाही. फायबरला तेवढा तडा गेला. पण बातमी त्याच्याआधी कोल्हापुरात पोचली, आणि जोतीरामनं ती बरोब्बर मीरासाबच्या आवाजात चौकभर वाटली.

"ऐका पावणं. टायर बुडानं घेतलं, गाडीबी बुडाकडनंच उसात गेली. का न्हाय?"

हसणाऱ्यांत दोन जीपवाले होते. टायर घ्यायला आले होते. "वस्ताद, आम्ही बघू मागनं," म्हणून ते निघून गेले. मीरासाबना हसण्याचं काही वाटलं नाही. ते 'मागनं' मात्र लागलं. आजवर त्यांच्या शब्दावर माणसं डोळे झाकून टायर घालत आली होती. तो शब्द आता उसात पडला होता, आणि का पडला हेच त्यांना कळत नव्हतं.

गल्ल्याशेजारी त्यांची बायको सुलतानबी ट्यूबला ठिगळ लावत बसली होती. अंगानं उसाच्या वाळल्या पाचटासारखी, बोलणं मात्र त्याच्या पात्यासारखं.

"आवो, त्यात काय अवघड हाय? तुमी बसलासा म्हणून ती रस्त्याला चिकटली."

"म्हंजे?"

"आपल्या लुनाचं बघा की. तुमी बसलं की रस्ता सोडत न्हाय. मी एकटी नेली की खड्ड्या-खड्ड्याला उडतिया. जीपला तुमचं ओझं म्हंजे माशी बसल्यागत. ह्या गाडीला तुमी म्हंजे आर्धा संसार."

मीरासाबनी स्वतःच्या पोटाकडं बघितलं. इतकी वर्षं ज्या बैठकीवर त्यांचा भरवसा होता, तीच ह्या हलक्या गाडीत खोटं बोलली होती. आता टायर पारखायचा तर गाडीत मीरासाब नको होते.

"मग तू बस," ते 'ऐका' न लावताच म्हणाले.

चौकानं भुवया उंचावल्या. बिनदाराच्या, बिनछपराच्या लाल गाडीत सुलतानबी. तिनं पदर डोक्यावरनं घेऊन कमरेला घट्ट खोचला. "बसते. पर तुमच्यागत डोळं मिटणार न्हाय. मला रस्ता बघायचा हाय."

सकाळी, दव वाळायच्या आत, सगळे चिखलाच्या रस्त्यावर गेले. मीरासाब कडेला उभे. तळहात ठेवायला आज मांड्या नव्हत्या, म्हणून त्यांनी ते आधी पाठीमागं, मग पोटावर, शेवटी काखेत ठेवले. रुंद टायरांवर एक फेरी झाली. मग चौघांनी गाडी हातानंच उचलून धरली, जॅक लागलाच नाही, आणि बाळासोनं अरुंद, खोल खाचांचे टायर चढवले. पुन्हा फेरी.

सुलतानबी उतरली. मीरासाब पुढं झाले.

"कसं वाटलं?"

बाळासो पाना हातात धरून बघतच राहिला. वस्तादांनी कुणाला काही विचारलेलं त्यानं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"रुंदावर, सारवल्याल्या वल्ल्या भुईवर पाट सरकावा तशी सरकत हुती," ती म्हणाली. "चिखलाच्या वरनंच. ह्या बारक्यावर तसं न्हाय. चिखलात आपून टाच रवून चालतो का न्हाय, तशी चालतिया. चिखल कापून खालचं डांबर धरतिया."

"मग बारकं?"

"बारकं."

जोतीराम लांबूनच म्हणाला, "पैलवानाच्या पायात पोरीच्या चपला."

बाळासोनं मीरासाबना बाजूला घेतलं. त्याला वस्तादांची काळजी. "वस्ताद, मधल्या मापाचं घालूया. गाडीबी पळंल, तुमचाबी मान राहील."

मीरासाबनी मागं वळून बघितलं. सुलतानबी पदरावरचा चिखल खरवडत होती.

"ऐका. सीट दोनच हायत. तिसरा मान कुठं बसवतोस? बारकं घाल."

शर्यतीच्या सकाळी धुकं होतं आणि रात्रभर उसाच्या ट्रॉल्या त्याच रस्त्यानं गेल्या होत्या. वळणावर एकेक गाडी आली की तिचं मागचं अंग घसरायचं. कुणी पाल्यात घुसला, कुणी ब्रेकवर उभाच राहिला. लाल गाडी आली तेव्हा मीरासाबनी तळहात पुन्हा काखेत घातले. गाडी वळणात शिरली, थोडी खाली बसली, चिखलाच्या दोन बारीक सलग रेघा मागं टाकल्या आणि निघून गेली. पुढं सरळ रस्त्यावर दोन जिप्सी गाड्यांची ताकद सरस ठरली. तरी बाळासो तिसरा आला, आणि लहान इंजिनांच्या गटात पहिला.

बक्षिसाच्या वेळी क्लबच्या माणसानं माइकवरनं विचारलं, "ह्या गाडीला टायर कुणी निवडून दिलं, तेवढं सांगा."

बाळासोनं मीरासाबकडं बोट केलं. मीरासाब मंडपात गेले. त्यांना माइकची गरज नव्हती, तरी त्यांनी तो हातात घेतला.

"ऐका. मी निवडल्यालं टायर उसात गेलं. हे टायर निवडल्यात सुलतानबी मीरासाब जमादार यांनी. हितनं पुढं हलक्या गाडीत त्याच बसणार. का न्हाय?"

बायकांच्या घोळक्यात सुलतानबीनं पदर तोंडावर ओढला. "आवो, बास करा. सगळ्यास्नी ऐकू आलं."

पण जोतीराम पार मागं, चहाच्या गाड्यापाशी उभा होता. त्याला ऐकू गेलं की नाही याची मीरासाबना खात्री नव्हती. त्यांनी घसा खाकरला आणि बायकोचं नाव पुन्हा एकदा, सगळंच्या सगळं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं घेतलं.