नेरचा हिरवा ठिपका

यवतमाळला मी उतरले ती तोऱ्यातच उतरले, हे आधी सांगून टाकते. पुण्याहून रात्रभर ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये अंग आखडलेलं, केसांचं टोपलं झालेलं, पण डोक्यात एकच, की आता या जिल्ह्याची लाईन आपण सरळ करून दाखवणार. स्टँडबाहेर ड्रायव्हर वासुदेवभाऊ गाडी घेऊन उभे होते. त्यांनी बॅग डिकीत टाकली आणि माझ्याकडे एकदा नीट पाहिलं.

"आधी पोहा खाऊन घ्या मॅडम. काम कुठी पळून नाही चाललं."

इथला पोहा तर्री (तिखट, लालभडक रस्सा) ओतून खातात. पहिल्या घासाला मला ठसका लागला आणि पोहेवाल्यानं काही न विचारता पाण्याचा ग्लास पुढे केला. पुण्याची माणसं त्याला ठसक्यावरून ओळखू येत असावीत.

माझं काम ऐकायला कंटाळवाणं आहे, पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गावोगावच्या इमारतींत एक लोखंडी कपाट असतं. त्यात दिवे लुकलुकणारी यंत्रं असतात आणि एका यंत्रापासून दुसऱ्यापर्यंत काचेची तार गेलेली असते. गावाचं इंटरनेट येतं ते या तारेतून. तार खराब झाली तर आजवर कोणीतरी फोन करून ओरडल्याशिवाय कळत नसे. मी या यंत्रांना एकमेकांची विचारपूस करायला शिकवते. दोन्ही टोकांनी सतत "आहेस ना?" असं विचारत राहायचं, चुका वाढल्या की इशारा द्यायचा आणि तो इशारा थेट माझ्या मोबाइलवर यायचा. लाईन ठीक असली की गावाच्या नावापुढे हिरवा ठिपका, बिघडली की लाल.

पहिला मुक्काम घाटंजी. यवतमाळपासून रस्ता सागाच्या रानातून वळणं घेत जातो, मग रान मागे पडतं आणि दोन्ही बाजूंना फुलावर आलेली कपाशी आणि पिवळं पडू लागलेलं सोयाबीन. त्या दिवशी घाटंजीचा बाजार होता. टोमॅटोच्या ढिगांमधून गाडी काढताना वासुदेवभाऊंनी खिडकीतूनच सांबाराची (इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) जुडी विकत घेतली आणि डॅशबोर्डवर ठेवली. दिवसभर गाडीला तिचा वास येत होता.

इमारतीत गेले तर बाहेर दाखल्यांसाठी रांग. मी यंत्रं जुळवली आणि शेवटी चाचणी घेतली. ही चाचणी अशी असते, की समोरच्या यंत्राला सांगायचं, मी पाठवीन ते सगळं जसंच्या तसं मला परत कर. जेवढं गेलं तेवढं आलं, की तार चांगली. अडचण एवढीच की ही परतफेड चालू असते तोवर त्या तारेवरून दुसऱ्या कोणाचंच काही जात नाही. म्हणून ती पटकन उरकायची आणि आठवणीनं बंद करायची. घाटंजीत मी रांगेला आधी सांगितलं, "जरा थांबा हं, लाईन बंद करतेय." काम झाल्यावर हिरवा ठिपकाही सगळ्यांना दाखवला. रांगेतल्या एका आजोबांनी मोबाइल हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला.

"म्हंजे आता लाईन गेली तं तुमाले पुण्यात समजते?"

"तुमच्या आधी समजतं," मी म्हणाले.

"अरे बाप्पा!" ते म्हणाले, आणि मला फार बरं वाटलं. 'तुमच्या आधी समजतं' हे वाक्य मी पुढे नेरलाही वापरलं. आज ते आठवलं तरी कानशिलं गरम होतात.

नेरला निघालो शुक्रवारी. गाव जवळ आलं आणि गाडीच्या बॉनेटमधून वाफ निघायला लागली. वासुदेवभाऊंनी देवाचं नाव घेत, ढकलत-थांबवत गाडी अमरावती रोडवरच्या एका गॅरेजपर्यंत आणली. गॅरेजचे मालक युसूफभाई. पन्नाशीचे, उंच, कानाला पेचकस अडकवलेला. त्यांनी बॉनेट उघडलं, हातातल्या फडक्यानं रेडिएटरचं झाकण सोडवलं आणि मान हलवली.

"पाइप फुटला. नमाजाच्या आधी खोलतो, नमाजाहून आल्यावर बसवतो. आन् जेवाले आमच्याकडेच या तुमी. आज जुम्मा हाये, घरी दालचा हाये."

मी नको-नको म्हटलं. ते म्हणाले, "गाडी माह्या ताब्यात हाये मॅडम, नाही म्हणून कुठी जासान?"

मी हसत निघाले. कपाटाची इमारत चालत जाण्याइतकी जवळ होती. काम सुरळीत झालं. शेवटची चाचणी राहिली होती ती बाजाराच्या कॉम्प्लेक्सकडे जाणाऱ्या तारेची. तिथे तळघरात एक सेवा केंद्र आहे, लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देणारं. एव्हाना दुपार झाली होती. जेवणाच्या वेळी कोण अर्ज भरतंय, असा विचार करून मी कोणालाही न सांगता परतफेड सुरू केली. तेवढ्यात युसूफभाई नमाजाची पांढरी टोपी घालून दारात उभे. "चला मॅडम, दालचा थंडा होऊन राह्यला." मी लॅपटॉप मिटला, कपाटाला कुलूप लावलं आणि त्यांच्याबरोबर निघाले.

युसूफभाईंचं घर कॉम्प्लेक्सच्या समोरच आहे, रस्ता ओलांडला की दार. वासुदेवभाऊ पुढच्या खोलीत बसले, मला युसूफभाईंच्या बायकोनं, म्हणजे भाभींनी, आत नेलं. आतल्या खोलीत पलंगावर युसूफभाईंच्या आई बसल्या होत्या. सगळे त्यांना अम्मी म्हणतात. चेहरा लहानसा, हात मात्र कष्टाचे, बोटं जाड. त्यांनी मला पलंगावर आपल्याशेजारीच बसवून घेतलं.

दालचा म्हणजे मटण आणि दुधी घालून शिजवलेली चण्याची डाळ. आंबटसर, दाट, भातावर घेतली की ताट सोडवत नाही. भाभी वाढत होत्या, मी खात होते, आणि अम्मी सांगत होत्या. हजला जायचं त्यांच्या मनात नवरा होता तेव्हापासून. कधी लग्नं निघाली, कधी दुखणी. मग नवरा गेला. यंदा युसूफभाईंनी दोघांचे पासपोर्ट काढले. अर्जाची आज शेवटची तारीख. मोबाइलवर करून पाहिलं तर पासपोर्टचा फोटो काही केल्या चढेना, म्हणून नात नाझिया दोन्ही पासपोर्ट घेऊन समोरच्या केंद्रात गेली होती.

"इतक्यात येतेच ते," अम्मी म्हणाल्या. "फारम गेला की मंग सोडत निघते. नाव निघालं तं निघालं."

"लाईनची काळजी करू नका अम्मी," मी म्हणाले. तोंडात घास होता. "नेरची लाईन आता माझ्या हातात आहे. गेली तर तुमच्या आधी मला कळेल." मोबाइल काढून मी त्यांना हिरवा ठिपका दाखवला. युसूफभाई दारातून वाकून बघून गेले.

आणि नाझिया आली. कॉलेजात शिकणारी पोर, डोक्यावर ओढणी, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत दोन्ही पासपोर्ट जसेच्या तसे.

"अब्बा, लाईनच नाही. केंद्रवाले भाऊ म्हणते, सोमवारी या."

"लाईन नाही?" युसूफभाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. निदान उठून पाहायला हवं होतं. पण मोबाइल हातातच होता. "नाही गं," मी म्हणाले, "लाईन उत्तम चालू आहे. हे बघ. त्यांच्या कॉम्प्युटरचं काहीतरी असेल. तू नीट विचारलंस का?"

"मॅडम, तिथं किती लोक बसून हायेत. कोणाचंच होऊन नाही राह्यलं."

"मंग इथं हिरवं काहून दिसून राह्यलं?" युसूफभाईंचा आवाज चढला. "ज्यायची लाईन हाये ते मॅडम सांगून राह्यल्या चालू हाये, आन् तू म्हणतं बंद! मैत्रिणी भेटल्या असतीन, बसली असशील बोलत. तुले एक काम सांगतलं होतं!"

नाझियानं एकदा माझ्याकडे पाहिलं. पिशवी अम्मींच्या पलंगावर ठेवली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिचे डोळे भरले होते आणि ते कोणाला दिसू नयेत म्हणून ती छताकडे बघत होती.

अम्मींनी पिशवीवरून हात फिरवला. "रागावू नको रे तिच्यावर. बुलावा नसंल माहा. ज्याले बुलावा येते तोच जाते. मलेच नसंल बोलावलं."

हे त्या रडत-बिडत म्हणाल्या नाहीत. पाणी संपलं असं सांगावं तसं सांगितलं. आयुष्यभराची इच्छा त्यांनी तेवढ्या एका वाक्यात गुंडाळून बाजूला ठेवली आणि भाभींना म्हणाल्या, मॅडमले भात वाढ.

काहीतरी करायचं म्हणून मी पुन्हा मोबाइलकडे पाहिलं. हिरव्या ठिपक्याखाली आकडे असतात, किती गेलं आणि किती आलं याचे. दोन्ही तंतोतंत सारखे. भर दुपारी, लोक वापरत असताना, गेलेलं आणि आलेलं इतकं सारखं कसं? माझा हात ताटातच थांबला. परतफेड मी बंदच केली नव्हती; ते सगळं माझंच होतं. मी पाठवलेलं मलाच परत मिळत होतं, आणि मी ते सगळ्या घराला दाखवत बसले होते.

"मी बंद केलीय," मी म्हणाले. "लाईन मी बंद केलीय."

कोणाला काही समजेना. मी हात न धुता उठले, चपला शोधत बसले नाही, दारात होत्या त्या कुणाच्या तरी घातल्या. नाझियाला म्हटलं, "पिशवी घेऊन केंद्रात पळ, त्यांना शटर ओढू देऊ नकोस." आणि मी कपाटाकडे पळाले. पंचेचाळिशीची बाई, डाळीनं बरबटलेला हात वर धरून, नेरच्या भर रस्त्यातून धावत चालली होती. पानाच्या ठेल्यावरच्या लोकांनी माना वळवून पाहिलं. डाव्या हातानं कुलूप उघडलं, डाव्या हातानं कळा दाबल्या, परतफेड बंद केली.

केंद्रात पोचले तेव्हा शटर अर्ध्यावर होतं आणि नाझिया त्याच्याखाली बरोबर मधोमध उभी होती. आत केंद्रवाले भाऊ पुन्हा खुर्चीत बसले होते. "आली मॅडम, लाईन आली," ते आनंदानं म्हणाले. पासपोर्ट स्कॅन झाले, फोटो चढले, अर्ज गेला. नाझियानं पावतीचा कागद हातात आल्यावरच मोठा श्वास सोडला.

बाकडी मात्र रिकामी होती. मी विचारलं, "बाकीचे?"

"गेले. दारव्ह्याकडच्या तांड्यावरचे दोघं नवरा-बायको सकाळपासून बसून होते. आताच्या बसनं गेले. येतीन सोमवारी, आणखी एका दिवसाची रोजी पाडून." मग माझा चेहरा पाहून त्यांनीच समजूत घातली. "तुमी कायले वाईट वाटून घेता? इथं लाईन जातच राह्यते."

त्यांच्या त्या समजुतीनं तर मी जमिनीत गेले. आजवर जात होती ती तारेमुळे. आज ती माझ्यामुळे गेली होती, आणि ती सुधारायला म्हणूनच मी आले होते.

घरी परतल्यावर मी सगळ्यांसमोर सांगितलं. चूक माझी होती, नाझिया अगदी खरं बोलत होती, आणि मी तिला खोटं पाडलं. युसूफभाईंनी हात जोडले. "मॅडम मोठ्या मनाच्या हायेत. पोरीले बोलणं बसलं म्हणून आपल्या अंगावर घेऊन राह्यल्या."

"मोठं मन नाही हो. खरंच मी..."

"राहू द्या. तुमी पळाल्या म्हणून फारम गेला." आणि ते गाडीचा पाइप बसवायला निघून गेले. लेकीशी एक शब्द बोलले नाहीत. मला तिच्या बाजूनं उभंही राहता आलं नाही, कारण माझं खोटं त्यांनी लगेच मानलं होतं आणि खरं मानायला तयार नव्हते. नाझिया ताटं उचलत होती. मी तिला "माफ कर" म्हटलं. तिनं मान हलवली, पण ती होकाराची की नकाराची, कळलं नाही.

मग अम्मींच्या पलंगावर बसले. "अम्मी, बुलावा नव्हता असं नाही. मीच मध्ये अडवला होता."

त्या हसायला लागल्या. पोटापासून हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "तू कोण वो अडवणारी? वरून आलेला बुलावा तू अडवशील?" त्यांनी माझा हात हातात घेतला. अजून डाळ वाळलेली होती त्यावर. स्वतःच्या पदरानं त्यांनी तो पुसला. "नाव निघालं तं तुह्यासाठी बी दुआ मागीन तिथं."

त्यापेक्षा त्यांनी एक थोबाडीत दिली असती तर मी सुखानं गेले असते.

संध्याकाळी वासुदेवभाऊंनी मला बडनेरा स्टेशनवर सोडलं. वाटेत दोन्ही बाजूंना तेच पिवळं सोयाबीन होतं, पण मी फारसं बघितलं नाही. गाडी आली तेव्हा त्यांनी एक डबा माझ्या हातात दिला. भाभींनी पाठवलेला दालचा होता. "जेवण अर्धवट राह्यलं तुमचं," म्हणाले.

पुण्याला येऊन आता बरेच दिवस झाले. परतफेड आपोआप बंद व्हावी अशी सोय मी सगळीकडच्या यंत्रांत करून ठेवली आहे. सोडत अजून निघायची आहे. सकाळी ऑफिसात पोचले की भिंतीवरच्या पडद्यावर जिल्ह्याचे सगळे ठिपके दिसतात. घाटंजी हिरवं, नेर हिरवं. सहकारी म्हणतात, यवतमाळचं काम छान झालं. तांड्यावरचं ते जोडपं सोमवारी आलं की नाही, हे त्या पडद्यावर दिसत नाही.

काल नेरचा ठिपका पाहून राहवलं नाही, युसूफभाईंना फोन लावला. उचलला नाझियानं.

"लाईन चालू आहे का गं?" मी विचारलं.

पलीकडून ती म्हणाली, "तुमच्या मोबाइलात काय दिसून राह्यलं?"

"हिरवं."

"मंग थांबा. मी पाहून येते."

दाराचा आवाज आला, रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आला. मी फोन कानाला लावून ती परत येईपर्यंत थांबले.