आधी चाचणी, मग पॉलिश

माझ्या धाकट्या भावाला विमानं उडवायच्या मैदानावर सगळे पॉलिश म्हणायचे, आणि त्याला ते आवडायचं. नाव त्याने कमावलेलंच होतं. पंपांच्या कारखान्यात एकतीस वर्षं फिनिशिंग खात्यात काढली. निवृत्तीच्या दिवशी हातातला पॉलिश पेपर सुटला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हातात आला. घरातल्या दारांच्या कडा, माझ्या शिलाई मशीनची फळी, पोळपाट, काही म्हणजे काही त्याने सोडलं नाही. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर माझ्याकडे बोट दाखवायचा, ‘ही आहे ना कटकट करायला.’ नवरा गेल्यावर मी त्याच्याकडे राहायला आले त्याला बावीस वर्षं झाली. वरच्या खोलीत माझं मशीन, खालच्या खोलीत त्याचं टेबल, आणि मध्ये जिन्यावर आमची भांडणं.

छंद त्याला कारखान्यातूनच लागला. रिमोटवर उडणारी जेट विमानं. मी त्यांना खेळणी म्हणायचे आणि तो चिडायचा. खेळणी कसली? नाकापासून शेपटीपर्यंत माणसापेक्षा लांब, पोटात खरं टर्बाइन, इंधन भरलं की अठरा किलो, आणि वेग असा की डोळा मिटून उघडेपर्यंत मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. उडवणारे सगळे शिंगं मोडून वासरांत शिरलेले. एक दातांचा डॉक्टर, एक रंगाच्या दुकानाचा मालक, एक बसवाला, असेच बाकीचे. माझ्या भावाने स्वतःचं जेट कधी घेतलं नाही. तो त्यांच्या विमानांचे स्पार बनवायचा.

स्पार म्हणजे काय ते मला त्याने इतक्यांदा सांगितलं की झोपेतही सांगेन. विमान मोटारीत घालायचं तर पंख काढावे लागतात. मैदानावर ते पुन्हा जोडायचे तर धडातून आरपार जाऊन दोन्ही पंखांच्या पोटात शिरणारी एक नळी लागते. अंगठ्याहून जाड, मीटरभर लांब, कार्बनचं कापड थरावर थर गुंडाळून केलेली. विमान सूर मारून खाली येतं आणि एकदम वर उचलतं, तेव्हा पंखांना ते दहापट जड लागतं. तो सगळा भार त्या एका नळीवर. ती गेली की दोन्ही पंख टाळी वाजवल्यासारखे मिटतात आणि उरलेलं धड पडेल तिथे पडतं.

म्हणून तो प्रत्येक नळीची चाचणी घ्यायचा. एका मोडक्या विमानाचे पंख त्याने लाकडी स्टँडवर उलटे आवळून ठेवले होते. नळी त्यात घालायची आणि पंखांवर वाळूच्या पिशव्या रचायच्या. पाच किलोची एक अशा चाळीस पिशव्या मीच शिवून दिल्या. एका बाजूला अठरा पेलल्या की नळी पास. वर दोन ‘माझ्या समाधानासाठी’. पिशव्या दोघांनी मिळून ठेवायच्या, एक इकडे एक तिकडे, म्हणजे भार सारखा पडतो. मी मोजायचे. मग तो नळी काढायचा, कापसाने पुसायचा आणि पॉलिश पेपर घ्यायचा.

बाजारातल्या नळ्या घट्ट बसतात. ठोकाव्या लागतात, ओढून काढताना दोन माणसं लागतात. पॉलिशची नळी एका बोटाने ढकलली की सर्रकन आत. कुठे अडते ते तो हाताने चाचपायचा, तेवढंच घासायचा, पुन्हा घालून बघायचा. मैदानावर लोक नुसती ती नळी आत जाताना बघायला गोळा व्हायचे आणि हा कडेला उभा राहून, आपलं लक्षच नाही असं दाखवत, कान टवकारून ऐकायचा.

फेब्रुवारीत रंगवाल्याचं जेट पडलं. मैदानाच्या मधोमध पडलं, कुणाला लागलं नाही. सगळे म्हणाले, सिग्नल गेला. रंगवाला म्हणाला, माझंच चुकलं, मी विमान फार जोरात वर खेचलं. माझ्या भावाने गवतातून नळीचे दोन तुकडे शोधले, पिशवीत घातले आणि घरी आला. चहा केला तो निवून गेला. दोन तास तो भिंगाखाली तुकडे धरून बसला होता.

‘ताई, इकडे ये. मी काय केलंय बघ,’ तो म्हणाला.

मला काय दिसणार? मोडलेल्या जागी काळे धागे विस्कटलेले. तो म्हणाला, वाकताना सगळ्यात जास्त ताण सगळ्यात बाहेरच्या थराला बसतो, आणि मी तोच थर घासून काढला. तोही बरोबर मध्यावर, जिथे ती धडात अडत होती.

‘पण आपण पिशव्या ठेवल्या होत्या की!’ मी म्हणाले.

‘कधी ठेवल्या? घासायच्या आधी.’

चूक एवढीच. आधी चाचणी, मग पॉलिश. एकतीस वर्षं पंपांच्या कारखान्यातही हाच क्रम होता, आणि लोखंडाला त्याने काही होत नाही.

त्याच दुपारी आम्ही घासून तयार ठेवलेली एक नवी नळी स्टँडवर चढवली. अकराव्या पिशवीला तुटली. आवाज इतका मोठा झाला की वरच्या मजल्यावर माझी कात्री टेबलावरून पडली. भाऊ जमिनीवर बसला.

अशा चार नळ्या बाहेर गेल्या होत्या. एक रंगवाल्याची, ती गेलीच. एक क्लबातल्या एका मास्तरांकडे होती; त्यांनी निमूटपणे आणून दिली, ती तेराव्या पिशवीला तुटली. एक बसवाल्याकडे, तो बाहेरगावी होता, पण विमान घरात कुलपात आहे म्हणाला. चौथी डॉक्टरांकडे. आणि डॉक्टर येत्या रविवारी ते जेट उडवणार होते. क्लबाने मैदान लोकांना खुलं ठेवलं होतं. शाळेची साठ मुलं येणार, दोरीच्या मागे बसणार, आणि मैदानाची परवानगी देणारे साहेबही येणार.

भावाने फोन केला. डॉक्टर हसले. दुसरा केला, तो त्यांनी घाईत ठेवला. तिसरा उचलला नाही. क्लबाच्या सेक्रेटरींना सांगितलं तर ते म्हणाले, ‘हे बघा, आता घबराट पसरवू नका, साहेब येतायत.’ तेव्हा माझ्या भावाने दाढ दुखते म्हणून डॉक्टरांची वेळ घेतली. मीही बरोबर गेले, कारण चार दिवस तो धड जेवला नव्हता आणि जिन्यावरून उतरताना कठडा धरत होता.

खुर्चीत आडवा झाला, तोंड उघडलं, तोंडात आरसा आणि थुंकी ओढणारी नळी, आणि हा तशातच बोलायला लागला. मला एकीकडे हसू येत होतं आणि दुसरीकडे तिथेच भोकाड पसरावंसं वाटत होतं. शेवटी डॉक्टरांनी हत्यारं बाजूला ठेवली.

‘पॉलिशकाका, माझी नळी ऐंशी वेळा उडलीय. ऐंशी! तुमच्या पिशव्या बरोबर की माझी उड्डाणं?’

‘दोन तुटल्या, डॉक्टर. अकराला आणि तेराला.’

‘त्या दोन. माझी नाही.’

‘रविवारी दुसरी घाला. बाजारातली.’

‘या मापाची यायला महिना लागतो, तुम्हालाच माहिती आहे.’ मग जरा नरमून म्हणाले, ‘हळू उडवतो. जोरात खेचणार नाही. झालं?’

‘समोर मुलं बसली की कुणी हळू उडवत नाही, डॉक्टर. तुम्ही तर नाहीच.’

डॉक्टरांनी मास्क वर ओढला. ‘दाढ ठणठणीत आहे तुमची. घरी जाऊन झोपा.’

त्यांना मी वाईट माणूस म्हणणार नाही. वर्षभर खपून बांधलेलं विमान, दारात आलेला दिवस, आणि पुढ्यात एक म्हातारा रडकुंडीला येऊन सांगतोय की माझंच काम खराब आहे. मीसुद्धा ऐकलं नसतं.

रविवारी आम्ही सकाळीच मैदानावर पोचलो. विमानाचे पंख ठेवायला मी शिवलेली एक जाड पिशवी त्याने खांद्याला लावली होती. आत काय आहे ते मी विचारलं नाही. मुलं दोरीच्या मागे रांगेत बसत होती, त्यांच्या बाई नावं पुकारत होत्या. डॉक्टरांनी भावाला बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. आला म्हणजे राग गेला, असं त्यांना वाटलं असावं. ‘या काका, पंख तुम्हीच बसवा,’ ते म्हणाले आणि साहेबांना भेटायला निघून गेले. पंख नेहमी माझा भाऊच बसवायचा.

त्याने नळी हातात घेतली. पंख ठेवलेल्या टेबलामागे गुडघे टेकून बसला, नळी मांड्यांत धरली आणि पिशवीतून लोखंड कापायची करवत काढली.

मी त्याला अडवू शकले असते. तो काय करतोय हे कळायला मला एक क्षणही लागला नाही. मी ती पंखाची पिशवी उचलली आणि झटकत असल्यासारखी पसरून त्याच्यासमोर उभी राहिले. त्याचं म्हणणं मला पूर्ण पटलं होतं असंही नाही. तो माझा भाऊ होता आणि त्याला आडोसा हवा होता. पाठीमागे करवतीचा आवाज येत होता. मी मुलांकडे बघून उगाचच हसत होते.

डॉक्टर परत आले तेव्हा नळीचे दोन तुकडे टेबलावर शेजारीशेजारी ठेवलेले होते आणि भावाचे हात काळे झाले होते. डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तुकडे उचलून मोटारीत टाकले आणि सेक्रेटरींना म्हणाले, ‘यांना बाहेर सोडा.’ आम्ही दोरीच्या कडेने चालत गेलो. एक लहान मुलगी बाईंना विचारत होती, मोठं विमान कधी उडणार. मुलांना त्या दिवशी थर्माकोलची विमानं हाताने उडवून दाखवली आणि गोळ्या वाटून घरी पाठवलं, असं नंतर कळलं.

क्लबाने त्याचं नाव काढून टाकलं. घरी त्याच्या टेबलाकडे कुणी फिरकेना. रंगवाला बाजारात भेटला तर रस्ता ओलांडून पलीकडे गेला. मास्तर तेवढे बोलले, पण तेही आजूबाजूला बघून. मैदानावर पॉलिशचं नाव आता करवत पडलं होतं. त्यांनीच मला सांगितलं, मला सांगायला नको होतं.

भावाचं एकच चाललं होतं. ‘ताई, तुटली असती ना गं?’ भाजी चिरताना, दाढी करताना, टीव्ही चालू असताना. मी म्हणायचे, ‘तुटलीच असती.’ मला काय माहीत होतं? पण म्हणायचे.

पंधरा दिवसांनी बसवाला परत आला. त्याने आपली नळी माणसाबरोबर पाठवून दिली, सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही. भावाने ती हातात घेतली आणि त्याला एकदम तरतरी आली. ही नळी आणि डॉक्टरांची, दोन्ही त्याने एकाच दिवशी गुंडाळल्या होत्या, एकाच दुपारी, एकाच पेपरने घासल्या होत्या.

‘जुळी आहे ही. हिला विचारू,’ तो म्हणाला.

आम्ही नळी स्टँडवर चढवली. मी डावीकडे, तो उजवीकडे. दहा झाल्या. अकराला मी डोळे मिटले. बारा, तेरा. चौदाला तो म्हणाला, ‘आता.’ पंधरालाही म्हणाला. अठरा झाल्या. पंख वाकले होते, पण नळीचा करकर आवाजसुद्धा नाही. एकोणीस. वीस.

‘पिशव्या संपल्या,’ मी म्हणाले.

‘टोक धर. दाब.’

‘अरे, पुरे आता.’

‘ताई, दाब!’

मी माझ्या बाजूचं टोक धरलं, त्याने त्याचं. साठीतली दोन माणसं एका मोडक्या विमानाच्या पंखांना लोंबकळत होती, आणि तो दातओठ खात नळीला म्हणत होता, ‘तूट. तूट ना गं बाई. तूट एकदाची.’ आयुष्यभर हा माणूस नळी तुटू नये म्हणून जगला होता. मीही दाबत होते, अंगातला सगळा जोर लावून, आणि मनातल्या मनात तेच म्हणत होते.

नळी तुटली नाही.

हात सुटले तसा तो खाली बसला. धापा टाकत होता. मग म्हणाला, ‘म्हणजे मी चांगली नळी कापली.’

‘त्या दिवशी साठच्या साठ मुलं धडधाकट घरी गेली,’ मी म्हणाले.

‘तशीही गेली असती, ताई.’

मी माझ्या बाजूच्या पिशव्या उतरवायला लागले, आणि एकाच बाजूने उतरवल्या तर पंख तिरपा होतो म्हणून, थोड्या वेळाने, तोही उठला.