मामांची मातीची किटली

अख्ख्या मुंबई इलाख्यात चहा कसा प्यावा हे एकाच माणसाला कळत होतं आणि तो माणूस म्हणजे माझ्या बायकोचे मामा. असं माझं नव्हे, खुद्द मामांचं म्हणणं होतं. आपण बाकीचे जे पितो त्याला ते 'गरम पाण्याची थट्टा' म्हणत.

मामा लालबागला चाळीत राहत, कॉटन ग्रीनच्या गोदामात कापसाच्या गाठींवर नंबर घालत आणि उरलेला जन्म त्यांनी एका किटलीला वाहिला होता. गोदीला लागलेल्या बोटीवरच्या एका चिनी स्वयंपाक्याने ती त्यांना मालवणी लोणच्याच्या बरणीच्या बदल्यात दिली होती. तपकिरी, मुठीपेक्षा थोडी मोठी, झिलईचा पत्ता नाही. अगदी आपल्या माठासारखी. "अहो, मडक्यातलं दही आणि काचेच्या बरणीतलं दही एक लागतं काय?" ते मला दटावत. "माती चहा पिते, जावईबापू! आधी ती पिते, मग आपल्याला देते. वर्षानुवर्षं पाजत राहा, मग एक दिवस नुसतं गरम पाणी ओता, चहा लागेल!" म्हणून तिच्यात फक्त पाणी आणि पत्ती, दूध-साखर काय ती कपात. आणि विसळायची ती नुसत्या गरम पाण्याने. शेजारच्या काकूंनी एकदा प्रेमाने आल्याचा तुकडा आत टाकला, तर "किटली बाटवली माझी!" म्हणून मामा आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. शिवाजी पार्कच्या सभेलाही किटली मफलरमध्ये गुंडाळून बरोबर. भाषण रंगात आलं की हे आपले झाकण उघडून डोळे मिटून वास घेत बसलेले. शेजारच्या माणसाने एकदा मला हळूच विचारलं, "दमा आहे का हो त्यांना?"

मी हे सगळं हसण्यावारी नेत असे. एकदाच मामा म्हणाले, "मामी होती तवर चहा तीच करायची. ती गेली, पण तिच्या हातचा चहा हिच्या अंगात मुरलाय." आणि लगेच माझ्या कप धरण्यात चुका काढायला लागले.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. मामांनी सत्याग्रहाच्या तुकडीत नाव दिलं आणि जाताना किटली माझ्या ओंजळीत ठेवली. "रोज एकदा चहा करा, पाण्याने विसळा. बस्स!" मी घरी येऊन हिला रुबाबात बजावलं, "मामांचा जीव आहे ह्यात, जपायची." साबण लावायचा नाही एवढं मात्र सांगायचं राहिलं, कारण चहा मीच करत होतो आणि विसळतही मीच होतो. तुरुंगातून मामांचं कार्ड आलं. लढ्याबद्दल अवाक्षर नाही. 'किटलीची प्रकृती कशी आहे?' मी कळवलं, 'उत्तम.'

मामा सुटले त्या दिवशी मी हार घेऊन त्यांना आणायला गेलो. त्यांना घेऊन आमच्या घरी आलो तर जिन्यात घोषणा, गुलाल, ओवाळायला बायका. आणि दारात ही, किटली हातात घेऊन, कौतुकाने फुललेली. "बघा मामा, कशी नव्यासारखी केली! आत काय ती पुटं चढली होती, बाई बाई! आधी राख आणि काथ्या, मग धुण्याचा साबण. तीनदा घासली तुमच्यासाठी!"

मामांनी किटली घेतली, झाकण उघडलं, वास घेतला. आणि ती हिच्या हातात परत दिली. हिने त्याच किटलीत चहा केला आणि कपांत ओतला. माझ्या कपातून साबणाचा वास येत होता आणि मला मान वर करायची हिंमत होत नव्हती. मामांनी मात्र फुर्रर्र करून पहिला घोट घेतला आणि म्हणाले, "चाय फर्मास झाली हा गो बाये!"

मग मला गॅलरीत गाठून हळूच म्हणाले, "तिका काय बोलू नका हां." त्यांचे डोळे भरले होते. मी माफी मागायला लागलो तर म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून पाजू. मला तरी दुसरं काय काम आहे?"

त्यांनी खरंच पाजलं, पण पुरेशी वर्षं त्यांना मिळाली नाहीत. किटली आता आमच्याकडे आहे आणि तिला साबण लागत नाही. तशी मामांची ताकीद आहे असं मी हिला उशिरा का होईना सांगितलं, त्यामागचं कारण मात्र सांगितलं नाही. मामांच्या आठवणीने ही कधीकधी तिच्यात नुसतं गरम पाणी ओतते, दोन कपांत काढते आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारते, "लागतो ना हो, मामांचा चहा?"

मामा, तुमची फार आठवण येते. मी फुर्रर्र करून घोट घेतो आणि हिला सांगतो, "फर्मास!"