बारकी आत्याचं बेट

“पहिल्या दिवशी कुठेही जायचं नाही,” मोठी आत्या म्हणाली. “प्रवासाचा शीण असतो. अंघोळ करायची, जेवायचं आणि आडवं व्हायचं.”

“समुद्र खोलीच्या समोरच आहे म्हणतात,” बारकी आत्या म्हणाली. तिच्या ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे ती नेहमीसारखीच अर्ध्या तोंडाने बोलत होती.

“मग पळून जाणार आहे का तो? दुसऱ्या दिवशी बघू. सकाळी. दुपारी तिकडे ढग येतात.”

ढग कधी येतात हे मोठ्या आत्याला ठाऊक असणारच. तिची सगळी नोकरी बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत गेली. कुठली गाडी कुठे जाते, कुठे बदलावी लागते, शेवटची चुकली तर काय करायचं, हे ती कधीच न पाहिलेल्या गावांबद्दलही इतक्या ठामपणे सांगायची की माणसं चुकीच्या गाडीतसुद्धा निर्धास्त बसत, असं माझे बाबा म्हणतात. बाबा या दोघींच्या मधले. निवृत्त झाल्यावर ताईने, म्हणजे मोठ्या आत्याने, स्वतः एकदा तरी गाडीत बसावं, असं सगळ्यांनीच मनावर घेतलं, आणि तिने एकदम समुद्रापलीकडचं बेट निवडलं. मधोमध धुमसणारा ज्वालामुखी, त्याच्या तोंडाशी हिरवट पाण्याचं तळं, खाली काळ्या वाळूचा किनारा, गरम पाण्याचे झरे, आणि जुन्या काळी राखेत बुडालेलं एक गाव, ज्याचा आता फक्त घंटेचा मनोरा वर उरला आहे. नकाशा कपाटाच्या दाराला चिकटवला होता. कपाट उघडलं की बेट भिंतीकडे जायचं.

बारकी आत्या पडद्यांच्या दुकानात काम करते. लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मोजायच्या, दुकानातल्या लांब टेबलावर कापड पसरून खडूने खुणा करायच्या, अस्तर जोडायचं, चुण्या पाडायच्या. खालचा काठ हाताने दुमडायचं काम ती घरी आणते. वय पन्नाशी ओलांडलेलं, पण नाव बारकीच राहिलं. आई गेली तेव्हा ती शाळेत होती. तेव्हापासून तिची वेणी ताईने घातली, तिची पुस्तकं ताईने घेतली, तिला ताप आला की ताई उशाशी. ताईला दोन स्थळं चालून आली होती. दोन्ही वेळा ती म्हणाली, “आधी बारकीचं होऊ दे.” बारकीचं काही झालं नाही, आणि दोघी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहिल्या. आजही ताई तिला संत्रं सोलून देते. बिया काढून.

अशा माणसावर रागवायचं कसं? रागवायला काही कारण तरी हवं ना. बारकी आत्याकडे कारण नव्हतं. तिला फक्त एवढंच वाटायचं, की त्या काळ्या वाळूवर आपण बसलेलो असावं आणि कोणी “चल” म्हणू नये. हे तिने मला नंतर सांगितलं, दुकानाच्या मागच्या पायरीवर, कापडाचे धागे साडीवरून वेचत. “ताई दिवस ठरवत गेली ना, तसतसं मला वाटायला लागलं की हे बेट माझं बघून झालंय.”

प्रवास कंपनीचा नियम होता, की साठीच्या पुढच्यांनी डॉक्टरांचं पत्र आणायचं. मोठ्या आत्याला दम्याचा जुना त्रास, म्हणून दोघी छातीच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी छाती तपासली, फुंकायला लावलं, आणि विचारलं, “रात्री श्वास लागून जाग येते का?”

“छे,” मोठी आत्या म्हणाली. “दगडासारखी झोपते मी.”

डॉक्टरांनी बारकीकडे पाहिलं. घरच्या माणसाकडे पाहतात तसं, सवयीने.

“उठून बसते कधीकधी,” बारकी आत्या म्हणाली.

“मी? कधी ग?”

“तुला झोपेत कळत नाही, ताई.”

मागच्या थंडीत, सर्दी झाली होती तेव्हा, मोठी आत्या काही रात्री उठून बसली होती हे खरं. पण डॉक्टरांनी मागच्या थंडीचं विचारलं नव्हतं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. ज्वालामुखीवर गंधकाचा धूर असतो, रात्रीचा त्रास असेल तर मी सही देणार नाही, असं म्हणाले. औषध वाढवून दिलं आणि तीन महिन्यांनी या म्हणाले. तोपर्यंत सहलीची तारीख उलटून जाणार होती.

जिना उतरताना मोठ्या आत्याने बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला. तोवर तिने कधी कुणाचा आधार घेतला नव्हता. “बरं झालं तू सोबत होतीस,” ती म्हणाली. “मी आपली दगडासारखी झोपते म्हणून मिरवत होते.”

बारकी आत्याला वाटलं होतं की आता ताई चिडेल, सहल रद्द करेल, आणि गोष्ट तिथेच मिटेल. एकटीने जायचा विचार तिने मनात आणला होता, पण तो खरा होईल अशी तिची तयारी नव्हती. ताई घरी येऊन पाणी प्यायली आणि तिने सांगून टाकलं, “तू जायचंस. माझ्या वाटचंही बघून यायचंस.” आणि ती दुप्पट जोमाने कामाला लागली. ज्वालामुखीला कुठल्या दिवशी, झऱ्यावर कुठल्या, मनोऱ्यापाशी उभं राहून फोटो कुठल्या बाजूने घ्यायचा. “एकटी आहेस, म्हणून जास्त नीट ठरवायला हवं. तुला मेलीला वाटेतलं वळणसुद्धा लक्षात राहत नाही.”

एवढ्यावरही बारकी आत्या गप्प राहिली असती. पण मोठी आत्या खरोखरच आजारी माणसासारखी वागायला लागली. आधी तिने एकावर एक उशा घेतल्या. मग बाजाराला जाणं सोडलं, कारण येताना जिना. मग गच्चीवर कपडे वाळत घालणं. झोपेत काय होतं ते आपल्याला कळत नाही या विचाराने ती झोपायलाच भिऊ लागली, आणि दिवसा खुर्चीत पेंगू लागली. रोज सकाळी पहिला प्रश्न ठरलेला.

“काल उठले होते का ग?”

“नाही ताई. शांत झोपली होतीस.”

“माझ्यासाठी खोटं बोलू नकोस.”

आता खरं सांगूनही उपयोग नव्हता. डॉक्टरांसमोरचं ते एक वाक्य ताईने इतकं घट्ट धरलं होतं, की त्यानंतरचं बारकीचं कुठलंच बोलणं तिला पटेना.

त्या आठवड्यात दुकानात बारकी आत्याने एका गिऱ्हाइकाचे पडदे वीतभर आखूड कापले. खालच्या दुमडीचं कापड धरायलाच विसरली. मालकीणबाईंनी ते उचलून धरले. “हे काय, खिडकीला झबलं शिवलंस?”

“चुकलं.”

“ते दिसतंय. मन बेटावर जाऊन पोचलं वाटतं आधीच. जा बाई, मजा कर, पण कात्री इथे ठेवून जा.” हसतच बोलल्या त्या. बारकी आत्याने तुकडे गोळा केले. सगळेजण तिला मजा कर म्हणत होते, आणि प्रत्येक वेळी तिला मान खाली घालावी लागत होती.

त्यानंतरच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते. मोठी आत्या खिडकीपाशी पाठीला उशा लावून बसली होती. महिन्याभरात ती इतकी म्हातारी कशी झाली, हे मला कळेना. तिच्या मांडीवर पुठ्ठ्याची पेटी होती. ज्वालामुखीवर चढायला म्हणून तिने स्वतःसाठी घेतलेले बूट त्यात होते.

“बारके, घाल बघू.”

“मला मोठे होतील.”

“दोन मोजे घाल. नवे आहेत, माझ्याकडे पडून काय करायचेत? मी काय आता चढणार आहे कुठे?” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तुझ्या बापाला सांग, एकदा येऊन बँकेचं बघून घे म्हणावं. बारकीला त्यातलं काही कळत नाही.”

बारकी आत्याने बूट घातले. “चालून दाखव,” ताई म्हणाली. ती कपाटापर्यंत गेली आणि नकाशासमोर पाठमोरी उभी राहिली. मी चहा ठेवायला आत गेले होते, पण दोन खोल्यांच्या घरात आत जाऊन जाणार किती लांब.

“ताई, तू रात्री उठत नाहीस,” ती म्हणाली. “डॉक्टरांना मी खोटं सांगितलं.”

मोठी आत्या हसली. “लागले का पाय लटपटायला? अगं, विमानात बसवून देतात, उतरवून घेतात. तुझ्यापेक्षा भित्र्या बायका जातात.”

“भीती नाही वाटत मला.”

“मग माझी कीव येते? ती नको करूस. मी तुला जा म्हटलंय ना?”

“तू मागच्या थंडीत उठत होतीस. आता नाही उठत. दगडासारखी झोपतेस, घोरतेससुद्धा.”

“पुरे ग. मला बरं वाटावं म्हणून काहीबाही रचू नकोस. सगळं ठरवून झालंय, मुकाट्याने जायचं.”

“तेच तर,” बारकी आत्या म्हणाली. “सगळं तू ठरवलंस.” ती वळली. आवाज साधा होता, खिडकीचं माप सांगावं तसा. “मला तुझ्याबरोबर जायचं नव्हतं. म्हणून सांगितलं.”

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला आणि तिथेच उभी राहिले.

मोठ्या आत्याने विचारलं, “पहिल्यापासून?”

“नाही. आधी जायचं होतं.”

“मग मी काय केलं?”

“काही नाही केलंस.”

“काहीतरी केलं असेन.”

“संत्र्याच्या बिया काढतेस,” बारकी आत्या म्हणाली आणि रडायला लागली.

मोठी आत्या उठली. तिने उशा बाजूला टाकल्या, चपला घातल्या आणि दार उघडून बाहेर पडली. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज खाली खाली जात राहिला, मग थांबला. मी तिच्या मागे जायला निघाले, तर बारकी आत्याने माझा हात धरला. त्या मोठ्या बुटांत ती तशीच उभी होती, कान जिन्याकडे लावून. मग आवाज परत वर येऊ लागला. मध्ये कुठेही थांबला नाही.

मोठी आत्या दारात उभी राहिली. तिच्या हातात काहीच नव्हतं. ती काही आणायला गेलीच नव्हती.

“दम लागला नाही,” ती म्हणाली, एखादी तक्रार करावी तशी. “महिनाभर मी मरायला टेकले होते. दम लागला नाही.”

पुढचे काही दिवस ती बारकीशी कामापुरतं बोलली. बाबा समजवायला गेले तर म्हणाली, “तू मध्ये पडू नकोस. तुला दोघी बहिणी, मला एकच आहे.” डॉक्टरांकडे ती एकटी गेली. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, बेटावर जायला हरकत नाही म्हणाले, पण ज्वालामुखीच्या तोंडाशी जायचं नाही, तो धूर सोसणार नाही. म्हणजे ते तळं तिला तसंही दिसणार नव्हतंच. हे कळल्यावर बारकी आत्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी तसं म्हणालेही. तिने मान हलवली. “अगं, मी तिला तळ्यापासून अडवलं नव्हतं. झोपेपासून अडवलं.”

निघायच्या आधीच्या आठवड्यात मी संध्याकाळी त्यांना भेटायला गेले. दोघींच्या बॅगा भिंतीशी होत्या. संत्रं टेबलावर तसंच पडलं होतं, सालीसकट. मोठी आत्या नकाशासमोर खुर्ची घेऊन बसली होती.

“चौथ्या दिवशी ज्वालामुखी,” ती म्हणाली. “तू जा. मी खाली थांबते.”

“मी पण थांबते,” बारकी आत्या घाईने म्हणाली. “तुला सोडून कशाला?”

“नको. गाडी सकाळी नेते आणि जेवणाच्या वेळेला आणून सोडते. अर्धा दिवस. एकटं जायचं होतं ना तुला? मग जा. वर कुठे उभं राहायचं, काय बघायचं, काही सांगणार नाही मी.”

तिच्या आवाजात राग होता की माया, मला ओळखता आलं नाही. बारकी आत्यालाही आलं नसावं. ती नुसतं “बरं” म्हणाली.

मी निघाले तेव्हा ती मला सोडायला जिन्यापर्यंत आली. अंधारून आलं होतं. तिने जिन्यातला दिवा लावला आणि थोडा वेळ बटणावरच हात ठेवून उभी राहिली.

“खरं सांगू?” ती हळू आवाजात म्हणाली. “ताई अर्धा दिवस म्हणाली ना, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं माहितीये? अर्धाच?” आणि तिने लगेच मागे वळून दाराकडे पाहिलं.

आतून मोठ्या आत्याची हाक आली. “बारके, जिन्यातला दिवा लाव ग. पोरीला दिसायचं नाही.”

दिवा लागलेलाच होता.

“हो, ताई,” बारकी आत्या म्हणाली.