गाडीला घातलेली आंघोळ

गाडीचं दार उघडत नव्हतं.

मी हँडल ओढलं. ढिम्म. पलीकडच्या बाजूला गेलो. तेही ढिम्म. काचेतून आतलं स्टिअरिंग दिसत होतं, दोन सीट दिसत होत्या, आणि स्टार्टला पोचायला आमच्याकडे छत्तीस मिनिटं होती. माझ्या मागे काका उभे होते. अंगात रेसचा सूट, काखेत हेल्मेट.

"किल्ली फिरव की."

"फिरवली."

"मग?"

"थंडी फार पडली काल," मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं. फक्त पुरतं खरंही नव्हतं.

मी मेकॅनिक. पुण्यात इंजिनिअरिंग केलं, मेलबर्नला पुढे शिकायला आलो, आणि पार्ट टाइम म्हणून ट्रुगानिनात काकांच्या वर्कशॉपला लागलो तो आजतागायत तिथेच आहे. राहायला टार्निटला. काका माझे बॉस, नात्याचे कोणी नाहीत. मूळचे कोल्हापूरचे, वय सदुसष्ट. आठवडाभर लोकांचे ब्रेक पॅड बदलतात आणि वर्षातून एक-दोनदा रॅलीत स्वतःची जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह पळवतात. शेजारच्या सीटवर काकू. सर्व्हिस क्रू, म्हणजे गाडीची देखभाल करणारी अख्खी टीम, म्हणजे मी.

रॅली म्हणजे ट्रॅकवर गोल गोल फिरणं नव्हे. डोंगरातला रस्ता बंद करतात, गाड्या एकेक करून सोडतात आणि घड्याळ लावतात. त्या तुकड्याला स्टेज म्हणतात. या हिवाळी रॅलीतली स्टेज खाली कोरड्या डांबरावर सुरू होते, मधे निलगिरीच्या सावलीत ओली होते, आणि वर बर्फात शिरते. प्रत्येक गाडीला टाइम कंट्रोलवर, म्हणजे हजेरीच्या टेबलापाशी, पोचायचं ठरलेलं मिनिट असतं. आमचं आठ बत्तीस. उशीर झाला तर मिनिटाला दहा सेकंद दंड. पंधरा मिनिटांहून जास्त झाला तर नमस्कार, घरी जा.

काकांना ही रॅली पुरी करायची होती. जिंकायची नव्हती, नुसती पुरी. आधी चार वेळा आले होते. एकदा गिअरबॉक्स गेला. एकदा वॉम्बॅट, इथला डुकराएवढा प्राणी, आडवा आला. एकदा धुक्यामुळे रॅलीच रद्द झाली. चौथ्या वेळी गाडी ठणठणीत होती, काकाच आजारी पडले. रॅली पुरी करणाऱ्या प्रत्येकाला एक छोटा बिल्ला मिळतो. त्यासाठी काकांनी वर्कशॉपच्या ऑफिसात, चहाच्या किटलीच्या वर भिंतीत, एक खिळा ठोकून ठेवला होता. बरीच वर्षं तो नुसताच खिळा होता. आणि यंदा डॉक्टरांनी डोळे तपासून सांगितलं होतं, की पुढच्या वर्षी रेसिंग लायसन्सच्या कागदावर मी सही करणार नाही. म्हणजे ही शेवटची.

एवढं सगळं माहीत असलेला माणूस काय करील? गाडी नीट तपासील. तेही मी केलं. पण तेवढ्यावर थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

आदल्या दिवशी संध्याकाळी काका-काकू लॉजमधे हीटरपाशी बसले होते. मी गाडीपाशी एकटाच. मनात आलं, चार वेळा विघ्न आलं, कोणी या गाडीची कधी पूजा केली का? काकांचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. माझाही फारसा नाही. पण टार्निटच्या इंडियन दुकानातून निघतानाच मी हळद, कुंकू, नारळ आणि चार लिंबं घेऊन ठेवली होती. म्हणजे विश्वास नसतानाही तयारी होती.

आता आपल्याकडे गाडीची पूजा म्हटल्यावर आधी काय? दसऱ्याला स्कूटरला काय करतो? आंघोळ. पारोशी गाडी पूजेला चालत नाही. मी लॉजवाल्याकडून बादली मागितली आणि प्रेमाने, चाकांच्या आतपर्यंत, दारांच्या फटींतून, अकरा बादल्या पाणी घातलं. मग हळदकुंकू. मग नारळ. चार चाकांपुढे चार लिंबं. आणि पार्किंग उतारावर होतं म्हणून शेवटी हँडब्रेक खच्चून ओढला.

"डोंगरावर हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमधे ठेवायची, चाकाला लाकूड लावायचं." हे काकांनी मला पहिल्या हिवाळ्यातच सांगितलं होतं. हेच मी गिऱ्हाइकांना सांगतो. कारण पाणी ब्रेकच्या ड्रममधे गोठतं आणि आतले शू, म्हणजे चाक दाबून धरणाऱ्या पट्ट्या, ड्रमला चिकटून बसतात. पण पुण्यात चढावर गाडी शिकलेल्या माणसाचा हात डोक्याला विचारत नाही.

"थंडी पडली म्हणतोस," काका म्हणाले. त्यांनी आजूबाजूला बघितलं. एकेक गाडी धूर सोडत निघत होती. "आपल्या एकट्याच्याच गाडीला पडली काय रे?"

तेवढ्यात काकू आल्या. सूटवर शाल, हातात वही. बॉनेटवरच्या गोठलेल्या स्वस्तिकाकडे बघितलं. खाली वाकून चाकापुढचं लिंबू उचललं आणि दारावर वाजवलं. टक टक आवाज आला. गोटा झाला होता.

"मंदार," काकू म्हणाल्या, "गाडी धुतलीस?"

मी मान खाली घातली.

"किती पाण्याने?"

"अकरा बादल्या."

"अहो, ऐकलंत का? अभिषेक केलाय याने."

"आयला," काका म्हणाले. एवढंच. मला वाटलं ओरडतील. त्यांनी हेल्मेट हळूच भिंतीवर ठेवलं आणि डोंगराच्या दिशेने बघत उभे राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"काका, हँडब्रेकपण ओढलाय," मी म्हणालो. म्हटलं, सांगायचंच तर सगळं एकदम सांगून टाकू.

मी लॉजमधल्या किटलीकडे धावलो. उकळतं पाणी ओतू म्हणून. काकूंनी मनगट धरलं.

"परत पाणी? अजून पोट भरलं नाही तुझं?"

बरोबर होतं. काच तडकली असती आणि ओतलेलं पाणी पाच मिनिटांत पुन्हा गोठलं असतं. बर्फ वितळवणारा डी-आयसर स्प्रे होता. तो मी व्हॅनमधे सुरक्षित ठेवला होता. व्हॅनची किल्ली सुरक्षितपणे रॅली कारमधे होती.

काकू खोलीत गेल्या आणि रबराची गरम पाण्याची पिशवी घेऊन आल्या. लोकरीच्या पिवळ्या कव्हरातली. ही पिशवी काकांच्या उजव्या गुडघ्याची. थंडीत तो गुडघा धरतो, म्हणून काकू दोन स्टेजच्या मधे त्यांना शेक देतात.

"शैला, ती राहू दे," काका म्हणाले. "माझा पाय..."

"तुमचा पाय चालतोय. गाडीचा चालत नाहीये."

काकूंनी पिशवी दाराच्या कडेने दाबत दाबत फिरवली. रबराच्या पट्टीवरचं बर्फ सुटत गेलं. चौथ्या मिनिटाला दाराने चर्र आवाज केला आणि उघडलं. मी आत शिरून हँडब्रेक सोडला. लिव्हर खाली आला, ब्रेक काही सुटला नाही. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. गाडी जागची हलली नाही.

मग जॅक, मग मागची दोन्ही चाकं काढली. ड्रमवर लाकडी हातोड्याने ठोकलं. उजवा सुटला. डावा नाही, व्हॅनमधला डी-आयसर मारूनही नाही. मी पिशवी ड्रमला लावली आणि काकूंनी ती आपल्या मफलरने करकचून बांधली, मोडलेल्या हाताला बांधतात तशी. पण पिशवी आता कोमट झाली होती, आणि किटलीतलं पाणीही.

शेजारच्या गाडीची ट्रिश हे बघत होती. गिप्सलँडची शेतकरीण, काकांच्या वर्गातलीच स्पर्धक.

"व्हॉट हॅपन्ड, लव्ह?"

"ही गेव्ह द कार अ बाथ," काकू म्हणाल्या.

ट्रिशने माझ्याकडे बघितलं. आपल्या व्हॅनमधे गेली आणि दोन गरम पिशव्या घेऊन आली, एक मेंढीच्या आकाराची. "नो वरीज. माझी कंबर एक दिवस थांबेल." तिचं स्वतःचं मिनिट जवळ आलं होतं. पिशव्या देऊन ती गेली.

मी पोट टेकून मेंढी ड्रमवर दाबून धरली. आठ बत्तीस वाजून गेले. आठ पस्तीस. काका माझ्या बाजूला गुडघ्यावर बसले, त्याच गुडघ्यावर, आणि हातोडा हातात घेतला.

"काका, सॉरी," मी म्हणालो.

"गप. धरून ठेव."

"तुमच्यासाठीच केलं होतं."

"माहिताय." ठक. "म्हणून तर ओरडता येत नाही, लेका." ठक. ठक. आणि टण्ण.

शू सुटला.

आठ त्रेचाळीसला ते टाइम कंट्रोलवर पोचले. अकरा मिनिटं उशीर. एकशे दहा सेकंद दंड. पहिल्या स्टेजआधीच आम्ही सगळ्यांच्या मागे होतो. निघताना पुढच्या चाकाखाली लिंबू आलं. फुटलं नाही. गाडीच उडाली.

दिवसभर मी व्हॅन घेऊन सर्व्हिसच्या जागी थांबायचो, टायर बदलायचो आणि गाडी गेली की नखं खायचो. वरच्या स्टेजला फोनला रेंज नाही. आत काय झालं ते मी नंतर गाडीतल्या कॅमेऱ्यावर बघितलं.

काकू वाचत असतात त्याला पेस नोट्स म्हणतात. आदल्या दिवशी रस्ता हळू फिरून लिहिलेल्या खुणा. एक म्हणजे सगळ्यात अवघड वळण, सहा म्हणजे सोपं. बाकीचे लोक इंग्रजीत लिहितात. काकूंच्या वहीत असतं, "डावं तीन, आवळतंय, सावलीत बर्फ, दमानं." काका वळणाला "हां" म्हणतात. संसार असाच केला असावा.

दोन स्टेजच्या मधे गाडी साध्या रस्त्याने, साध्या वेगाने जाते. तिथे काकूंनी वही मांडीवर मिटली, हातमोजा काढला आणि तळहात काकांच्या गुडघ्यावर ठेवला. पिशवी नव्हती ना. पुढच्या स्टेजपर्यंत तो हात तिथेच होता. ते फुटेज मी एकदाच बघितलं. दुसऱ्यांदा बघायचा मला काही अधिकार नाही असं वाटलं.

शेवटच्या स्टेजला वर सगळं पांढरं होतं. गाडी छान चालली होती, आणि शेवटची दोन वळणं उरली असताना काकांनी अचानक अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला. कॅमेऱ्यात काकू वळून बघतात.

"काय झालं? दिसत नाहीये का?"

"दिसतंय."

"मग?"

"संपतंय."

काकू पुन्हा वहीत बघतात. "उजवं पाच. मोकळं आहे. जाऊ द्या."

"हां," काका म्हणाले, आणि जाऊ दिली.

खाली फिनिशला मी उभा होतो. शेवटची गाडी यायची वेळ टळून गेली होती. तिथला मार्शल फ्लॅग गुंडाळायला लागला होता. तेव्हा वळणावर आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखतो. डाव्या बाजूचा एक्झॉस्ट माउंट थोडा सैल आहे, मला महिनाभर जमलेला नाही.

आम्ही शेवटून दुसरे आलो. शेवटचा एक जण खड्ड्यात अडकला होता म्हणून. ट्रिश तिसरी आली, तिची कंबर दोन आठवडे धरली होती. मी तिला पिशव्या परत करताना केळ्याचे वेफर्स नेऊन दिले.

बिल्ला काकांनी काकूंना दिला. काकूंनी तो पिवळ्या लोकरीच्या कव्हरावर शिवला. पिन लावायचा सल्ला मी दिला होता; रबराच्या पिशवीला पिन लावायचा सल्ला देणारा मेकॅनिक म्हणून आता वर्कशॉपमधे माझं आणखी एक नाव झालंय.

खिळा मात्र रिकामा नाही. लॉजवाल्याची बादली मी चुकून व्हॅनमधे घालून आणली होती. काकांनी त्याला फोन करून ती मागून घेतली आणि किटलीवर टांगली. नवीन मेकॅनिक आला की काका त्याला आधी बादली दाखवतात, मग मला.

धडा साधा आहे. शून्याखाली गाडी धुवू नये. धुतलीच तर हँडब्रेक ओढू नये. आणि दोन्ही केलंच, तर गाडीत शेजारी अशी बाई असावी, जिच्याकडे शेकायची पिशवी आहे.