पुसलेली धूळ

दुसरा पूल ओलांडला तेव्हा मी भावजींना म्हटलं, "आता जरा दमानं घ्या. माझा गुडघा काही तुमच्या नोकरीला नाही."

ते थांबले. म्हणजे पाय थांबले, हात कठड्यावरून पुढे-मागे चालूच. मी म्हटलं, "बसनं आलो असतो तर एव्हाना पोचलो असतो."

"बसमध्ये बसवत नाही हो, वहिनी. टेकलं की ती किटली डोळ्यांसमोर येते."

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. एकतीस वर्षं ते एका चित्रशाळेत सामानाची खोली सांभाळतात. तिथली मुलं स्थिरचित्र शिकतात, म्हणजे टेबलावर चार वस्तू मांडायच्या आणि त्या बघून चित्र काढायचं. त्या वस्तू भावजींच्या ताब्यात. बाटल्या, सुरया, मातीची मडकी, प्लास्टरची कवटी, चुणीदार कापडं, मेणाची फळं. कुठल्या वर्गाला काय मांडायचं, दिवा कुठून टाकायचा, हे सगळं तेच बघतात. मुलं त्यांना मांडणीकाका म्हणतात. त्यांची एक पद्धत ठरलेली. मांडणी झाली की प्रत्येक वस्तूच्या बुडाभोवती खडूची बारीक रेघ ओढायची. संध्याकाळी वस्तू उचलली तरी सकाळी ती केसभरही न हलता जागेवर बसते. एकतीस वर्षांत आपल्या मांडणीतली वस्तू हलली असं कुणी म्हटलं नाही, हा त्यांचा मोठा अभिमान.

घरी मात्र उलटा कारभार. माझी जाऊ म्हणते, "मीठ कुठे आहे ते मला रोज नव्यानं शोधावं लागतं. यांना वाटतं, बरणी खिडकीपाशी जास्त छान दिसते." भावजी मॅट्रिकला दोनदा आपटले, तेव्हा माझ्या नवऱ्यानं त्यांना चित्रशाळेत चिकटवलं. पहिल्याच दिवशी एक प्लास्टरचा पुतळा दोन जिने चढवून न ओरखडता वर नेला, म्हणून ठेवून घेतलं म्हणे. पुतळा सांभाळायचा तर सावकाश चालतात. एरवी पायाला भिंगरी.

पुलापलीकडे फळांची गाडी होती. भावजी बोलता बोलता तिथे वाकले आणि एक सफरचंद उचलून त्याचा लाल गाल उजेडाकडे करून परत ठेवलं. मग शेजारचंही फिरवलं.

फळवाली म्हणाली, "अहो, घ्यायचंय का नुसतं कुरवाळायचंय?"

"देठ मागं गेला की फळ मेल्यासारखं दिसतं, बाई."

"तुमच्या हाताखाली अजून दोन मिनिटं राहिलं तर मरेलच. चला, व्हा पुढं!"

मी हात जोडून त्यांना पुढे ढकललं. आम्ही जे निस्तरायला निघालो होतो, ते याच हातांनी करून ठेवलेलं होतं.

झालं होतं असं. पोटाच्या ऑपरेशनमुळे भावजी चार महिने रजेवर होते. सोमवारी कामावर गेले. कोपऱ्यातल्या छोट्या खोलीत खिडकीखाली एक मांडणी दिसली. पितळी किटली, काचेचा पेला, हिरवी बाटली, घडी मोडलेलं कापड आणि एक लिंबू. सगळ्यावर बोटभर धूळ. लिंबू तर वाळून सुपारीएवढं झालेलं. कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवलेला, त्यामुळे त्यावर काय काढलंय ते दिसलं नाही. खडूच्या रेघा मात्र अगदी त्यांनी शिकवलेल्या तशा बारीक. कुणाला विचारायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. बाह्या सरसावल्या. किटली राखेनं घासून लख्ख केली, पेला आणि बाटली धुतली, कापड झटकलं, वाळकं लिंबू फेकलं आणि बाजारात जाऊन त्याच मापाचं ताजं लिंबू निवडून आणलं. पुन्हा सगळं खडूच्या रेघेवर बरोब्बर मांडलं.

जिची ही मांडणी, ती मुलगी आता खूश होईल, असं त्यांना वाटत होतं.

ती मुलगी शेवटच्या वर्षाची. चार महिने तीच एक मांडणी खिडकीत ठेवून ती धूळच रंगवत होती. रोज थोडी बसत जाणारी धूळ, आकसत जाणारं लिंबू. या एका चित्रावर तिचं वर्ष होतं आणि परीक्षकांना यायला फक्त चोवीस दिवस राहिले होते. दुपारी ती आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "काका, किती चमकतंय हो." मग पिशवी उचलून गेली. मंगळवारी आली नाही. बुधवारीही नाही. मग तिच्या सरांनी भावजींना बोलावून काय झालंय ते सांगितलं. तोंडचं पाणीच पळालं त्यांच्या.

गुरुवारी कचेरीतून पत्ता काढून ते थेट माझ्या दारात. "वहिनी, चपला घाला. एकट्या पोरीच्या खोलीवर मी एकटा कसा जाऊ?"

"तिनं ओरडायला हवं होतं," आता ते म्हणाले. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

"पण भावजी, मला एक कळत नाही. धूळ काय काढायची? त्यात बघण्यासारखं काय?"

हे विचारलं ते बरंच झालं. त्यांच्या जिवाला जरा दुसरीकडे धावायला वाट मिळाली. इतकी वर्षं दिव्यापाशी उभं राहून त्यांनी सरांची तीच व्याख्यानं ऐकलेली.

"फार पूर्वी थडग्यांच्या भिंतींवर भाकरी, मासे, फळं काढायचे," ते सांगू लागले. "मेलेल्या माणसाला पुढं उपयोगी पडावीत म्हणून. मग श्रीमंतांच्या घरांच्या भिंतींवर फळांनी भरलेली काचेची भांडी आली. पाहुण्यांनी म्हणावं, वा! त्यानंतर कित्येक शतकं वस्तूंना स्वतःचं चित्रच नव्हतं. संताचं चित्र असायचं आणि त्याच्या पायाशी एखादी सुरई. कोपऱ्यात, अंग चोरून."

"पायाशी जागा मिळाली हे काय थोडं झालं?" मी म्हटलं. खरंच तसं वाटलं मला.

"तुम्ही म्हणणारच. पण सुरई हळूहळू पुढं सरकली. व्यापारी लोक गबर झाले, त्यांना आपल्या टेबलाचं चित्र हवं झालं. चांदीची ताटं, अर्धवट सोललेलं लिंबू, साल अशी खाली लोंबलेली. आणि त्यातच मधे एक कवटी ठेवायची. किंवा घड्याळ, विझलेली मेणबत्ती. म्हणजे, बाबा, हे सगळं इथंच राहणार आणि तू जाणार."

"ते सांगायला कवटी कशाला हवी?"

"गबर माणसाला हवी. तरी बरं का, चित्रकारांच्या पंगतीत वस्तू काढणारा सगळ्यात शेवटी. लढाया, राजेमहाराजे काढणारे पहिल्या रांगेत. कांदा काढणारा पार दाराशी." हे सांगताना भावजींचा आवाज असा दुखावलेला, जणू कालच त्यांना कुणी पंगतीतून उठवलंय. "मग काही वेडे निघाले. त्यांनी नुसतं स्वयंपाकघरातलं भांडं काढलं. कवटी नाही, चांदी नाही. भांडं भांड्यासाठीच. मग कुणी सफरचंदं काढली, तर टेबल एका बाजूनं वर, एका बाजूनं खाली. पुढं तर बाटलीचे तुकडे तुकडे केले, चित्रावर वर्तमानपत्राचा कागद चिकटवला. आणि शेवटी रंगवायचंच सोडलं. वस्तूच आणून ठेवली समोर, हेच चित्र म्हणून."

"मग तुम्ही एकतीस वर्षं तेच करताय की!"

ते हसले. आज पहिल्यांदा. पण ते हसू चौकापर्यंतही टिकलं नाही. "त्या पोरीनं त्याच्याही पुढचं पाऊल टाकलं होतं, वहिनी. वस्तूवरून जाणारे दिवस काढत होती ती. कवटीबिवटी काही नाही. आणि मी ते दिवस फडक्यानं पुसले."

मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि चालत राहिले.

पाण्याच्या टाकीमागे तीन मजली इमारत. भावजी पहिल्या पायरीवर चढले, उतरले, पुन्हा चढले. शेवटी मीच पुढे झाले आणि बेल वाजवली. मुलीनं दार उघडलं. केस तेलकट, डोळे सुजलेले. कोण आलंय ते कळल्यावर तिनं खुर्चीवरचे कपडे घाईघाईनं उचलले.

"मी यांची वहिनी," मी म्हटलं. "यांना रात्री झोप नाही, म्हणून आलो."

"मलाही नाही," ती म्हणाली.

भावजी उभ्याउभ्याच बोलू लागले. "माझी चूक. सरळ माझी. मी सरांना लिहून देतो. धूळ पुन्हा टाकता येईल का ते बघितलं मी. चाळणीनं टाकून बघितली, माळ्यावरची. पण ती पिठासारखी पडते. बसत नाही."

ती आ वासून बघत राहिली. "काका! तुम्ही चाळणीनं धूळ टाकून बघितलीत?"

"घरच्या किटलीवर. बायको ओरडली."

आणि ती मुलगी हसली. हसता हसता रडली, मग नाक पुसून बसली. "टाकलेली धूळ नको," ती म्हणाली. "दोन दिवस मी हाच विचार करतेय. कॅनव्हासचा उजवा भाग पूर्ण आहे, डावीकडची किटली राहिली होती. आता किटली चमकणारी काढते. त्याच चित्रात. अर्ध्या भागावर चार महिन्यांची धूळ आणि अर्ध्यावर तुमचा हात. एकवीस दिवस आहेत अजून, नवी धूळ जेवढी बसेल तेवढी बसेल."

"परीक्षकांना चालेल?"

"माहीत नाही. नापासही करतील."

भावजींनी मान खाली घातली. मी त्यांच्याकडे बघितलं, तर त्यांचा हात मुलीच्या टेबलावरच्या कपाकडे निघालेला. कप काठावर होता, पडेल असा. त्यांनी तो दोन बोटं आत सरकवला. मुलीनंही ते पाहिलं.

"पण काका, एक सांगते, रागावू नका," ती म्हणाली. "हे एकवीस दिवस तुम्ही त्या खोलीत यायचं नाही. खिडकी लावायलासुद्धा नाही."

एकतीस वर्षांत त्यांना कुठल्या खोलीत येऊ नका असं कुणी म्हटलं नसेल. त्यांचा चेहरा उतरला. पण लगेच म्हणाले, "नाही येणार. शब्द देतो."

"आणि लिंबू?" मी विचारलं.

"नवंच राहू दे. बघू किती सुकतंय."

आम्ही परतीची वाट धरली. भावजींची चाल तशीच, मला अर्धं पळावंच लागत होतं. फळांची गाडी आली तेव्हा त्यांनी दोन्ही हात खिशात घातले आणि दुसरीकडे बघत पुढे गेले. पुलावर मात्र थांबले आणि माझी वाट बघितली.

"शब्द दिला खरा," ते म्हणाले. "पण मी स्वतःला ओळखतो. आठ दिवसांनी त्या बाजूनं जाईन, वाटेल नुसतं डोकावून बघू. किटलीच्या दांड्यावर माशी बसलेली दिसेल. मग हात शिवशिवेल. तिला माझा राग नाही आला, वहिनी, तिला माझी भीती वाटते. ते बरोबरच आहे."

"मुलीकडे खोलीची किल्ली आहे ना?"

"आहे. सरांकडेही आहे. तिसरी माझ्याकडे."

त्यांनी खिशातून जुडगा काढला. त्यातली एक किल्ली कडीतून निघेना, नखं लावून ओढत राहिले. निघाली तशी माझ्या हातात ठेवली आणि माझी मूठ बाहेरून घट्ट दाबून धरली.

"परीक्षक येऊन जाईपर्यंत ही तुमच्याकडे राहू द्या. मी मागायला येईन, नक्की येईन. खिडकीतून पाऊस आत येतोय म्हणेन, सरांनी मागितलीय म्हणेन, वाट्टेल ते खोटं बोलेन. वहिनी, काही झालं तरी मला देऊ नका."